आईच्या पॅप तपासणीत ‘एचएसआयएल’ आलंय. तिला सांगू की नको?

तुम्ही लिहिलंय की आई ५४ वर्षांची आहे, पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि पॅप तपासणीच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगासाठी करतात ती) रिपोर्टवर ‘एचएसआयएल’ आलंय. वडील म्हणतात तिला कळू देऊ नकोस. आणि मुलगा असून आईशी हे बोलायचं कसं, तेच तुम्हाला सुचत नाहीये.

सांगा. आजच सांगा. आम्ही अकरा दिवस सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. तीन वर्षांपूर्वी गावात तपासणी शिबिर झालं, वहिनी आईला घेऊन गेली. रिपोर्ट दादाच्या मोबाइलवर आला, त्याने तो मला पुण्याला पाठवला. मी नेटवर शोधलं, पहिल्याच ओळीत ‘कर्करोग’ दिसला आणि पुढचं वाचायचा धीरच झाला नाही. अण्णा, म्हणजे आमचे वडील, म्हणाले, ‘तिच्या कानावर घालू नका, खचेल ती.’ मग घरात कुजबुज सुरू झाली. आई चुलीपासून उठून बाहेर आली की सगळे गप्प. मावशी न कळवता भेटायला आली आणि निघताना रडली. बाराव्या दिवशी आईचा मला फोन आला. म्हणाली, ‘मला किती दिवस आहेत ते सांग. म्हशी ठेवायच्या का विकायच्या ते ठरवायचंय.’

रिपोर्टमध्ये मरणाबद्दल एक अक्षरही नव्हतं. ते आमच्या गप्प बसण्यातून तिने वाचलं होतं. त्या रात्री मी गावी गेलो, रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि तोवर जेवढं समजून घेतलं होतं तेवढं सांगितलं. तेच तुम्हालाही सांगतो.

पॅप तपासणीत पिशवीच्या, म्हणजे गर्भाशयाच्या, तोंडावरच्या पेशी खरवडून काचपट्टीवर बघतात. त्या वेगळ्या दिसल्या तर किती वेगळ्या, याच्या पायऱ्या असतात. ‘एएससी-यूएस’ म्हणजे थोडीशी शंका. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी, पातळ होते, त्यानेही ते येऊ शकतं. ‘एलएसआयएल’ म्हणजे सौम्य बदल, ते बहुतेक वेळा आपोआप जातात. ‘एचएसआयएल’ म्हणजे ठळक बदल. याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पण हे कर्करोगाचं निदान नाही. पॅप फक्त बोट दाखवते. आहे की नाही ते तिथला बारीक तुकडा काढून तपासल्यावरच (बायोप्सी) ठरतं.

वेळेबद्दलही सांगतो, कारण रात्री झोप त्यामुळेच लागत नाही. न्यूझीलंडमध्ये एका रुग्णालयात कर्करोगाच्या आधीच्या सगळ्यात वरच्या पायरीचे बदल असलेल्या काही स्त्रियांना पुरेसे उपचार न देता नुसतं बघत ठेवलं गेलं. ती फार मोठी चूक होती, त्यावर पुढे चौकशीही झाली. त्या स्त्रियांपैकी साधारण ३० टक्क्यांना ३० वर्षांत कर्करोग झाला. ज्यांच्यावर नीट उपचार झाले, त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. म्हणजे आज रात्री काही कोसळत नाही, पण ‘दिवाळी झाल्यावर बघू’ असंही म्हणायचं नाही. दोन-चार आठवड्यांत पुढची तपासणी होऊ द्या.

ती पुढची तपासणी म्हणजे कॉल्पोस्कोपी. आमच्या डॉक्टर म्हणाल्या, ‘दुर्बिणीतून बघू.’ आमच्याकडे दुर्बीण म्हटलं की पोटाला भोकं पाडून केलेलं ऑपरेशन. आई त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा न पिता आली होती आणि मी तिला ते विचारलंही नव्हतं. तुम्ही आधीच सांगा: पोटाला हात लागत नाही, भूल देत नाहीत, उपाशी राहायचं नाही. पाळीच्या तक्रारीसाठी तपासतात तसंच झोपायचं, डॉक्टर बाहेरूनच भिंगातून बघतात. पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात, म्हणजे जवळपास व्हिनेगरच. बदललेली जागा त्याने पांढरी दिसते आणि तिथला बारीक तुकडा घेतात. आईच्या शब्दांत, ‘चिमटा बसल्यासारखं झालं, मग पाळीच्या वेळेसारखं दुखलं.’ पाळी गेलेल्या बाईत ही जागा बऱ्याचदा आत सरकलेली असते आणि पूर्ण दिसत नाही. म्हणून आईच्या आतूनही थोडं खरवडून घेतलं. ‘सगळी जागा दिसली का?’ हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना नक्की विचारा.

बाहेर बाकावर मी बसलो होतो, आत वहिनी. मुलगा म्हणून तुम्ही आत जायची गरज नाही. बहीण, मावशी, जिच्यासमोर आईला संकोच वाटत नाही अशी कुणीतरी तिच्या उशाशी असू द्या. बोलायला शब्द सापडत नसतील तर ‘पिशवीचं तोंड’ एवढं पुरतं. मला ते पहिल्यांदा म्हणताना घशाशी आलं होतं. आईला काहीच वाटलं नाही, ती आयुष्यभर बायकांमध्ये तेच बोलत आली आहे.

आता एक गोष्ट जरा कडक शब्दांत. तुम्हाला कुणीतरी म्हणेल, ‘वय झालंच आहे, पिशवीच काढून टाका, कटकट संपेल.’ आम्हालाही एका डॉक्टरांनी नुसता पॅपचा रिपोर्ट बघून ऑपरेशनची तारीख देऊ केली होती. तुकड्याचा रिपोर्ट येईपर्यंत कुठेही सही करू नका. नुसते पेशींचे बदल असतील तर बहुतेकदा एवढं मोठं ऑपरेशन लागत नाही. आणि समजा आत खरंच कर्करोग लपलेला असेल, तर साधी पिशवी काढणं हे बहुतेक वेळा चुकीचं ऑपरेशन ठरतं, त्याचे उपचार वेगळे असतात. दोन्हीकडून नुकसान बाईचंच. बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या हे २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं, तरी ‘काढून टाका’ हा सल्ला अजून तितक्याच सहज मिळतो. याचा मला मनापासून राग येतो.

सगळ्यात अवघड प्रश्न परतीच्या वाटेवर आला. आईने खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘हे कशाने होतं?’ मी म्हणालो, एका विषाणूने, एचपीव्ही. ‘तो कुठून येतो?’ मी खरं तेच सांगितलं, की संबंधातून येतो. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘माझं काय चुकलं मग? का ह्यांचं?’

तुमच्या आईच्या मनातही हा प्रश्न येईल, तोंडाने ती विचारो न विचारो. माझं उत्तर मी डॉक्टरांकडून समजून घेतलेलं होतं. संसार केलेल्या बहुतेक माणसांना हा विषाणू कधी ना कधी होऊन जातो. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो, काहींमध्ये मुक्काम करतो. तो कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीही तपासणी सांगू शकत नाही; वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचाही असू शकतो. त्यावरून कुणाच्या वागणुकीचा हिशेब लागत नाही. अण्णांनाही हेच वेगळं बसवून सांगितलं. ते का गप्प होते, ते मला त्या दिवशी कळलं: आपल्याला दोष लागेल ही भीती त्यांनाही होती. तुमचे वडील ‘सांगू नको’ म्हणतात त्यामागे असंच काही असू शकेल. त्यांच्याशीही बोला.

आईला ‘मलाच कसं झालं’ असंही वाटत होतं. तेव्हा तिला शेजारच्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगितली. धाराशिव, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा. तिथे १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. ज्या गावांत एचपीव्हीची तपासणी एकदाच केली, तिथे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते जगभर छापून आलं. तुळजापूर, भूम, परंड्याच्या नावांनी आईला जास्त धीर आला की आकड्यांनी, ते सांगता येणार नाही. तिचं माहेर भूमकडचं आहे. ‘आमच्याकडच्या बायकांनी एवढं केलं?’ असं दोनदा विचारलं तिने.

आईच्या तुकड्यात ‘सीआयएन-३’ आलं, म्हणजे कर्करोगाच्या आधीची पायरी. लीप केलं: विजेच्या तारेच्या कडीने पिशवीच्या तोंडाचा तेवढाच भाग काढतात. संध्याकाळी घरी. रक्त पातळ करायची गोळी आणि शुगर यांबद्दल आधी सांगून ठेवा. नंतर दोन-तीन आठवडे पाण्यासारखं, तपकिरी जात होतं. महिनाभर जड उचलायचं नाही असं सांगितलं होतं, त्यामुळे पाण्याच्या घागरी अण्णांनी भरल्या. ताप, घाण वास किंवा जास्त रक्त गेलं तर मात्र लगेच डॉक्टरांना फोन करायचा.

काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ निघाल्या. सहा महिन्यांनी एचपीव्ही तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. तरी फाइल बंद केलेली नाही. असे बदल एकदा होऊन गेले की पुढे निदान २५ वर्षं ठरलेल्या अंतराने तपासणी चालू ठेवायची असते. वहिनीने तिचीही तपासणी करून घेतली, दादाच्या मुलीला एचपीव्हीची लस दिली.

तुम्ही आज जेवणं उरकली की आईजवळ बसा आणि रिपोर्टचा कागद तिच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. सगळे रिपोर्ट आणि काचपट्ट्या मागून घेऊन एका पिशवीत ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर त्याच लागतात. तुकड्याचा रिपोर्ट आला की इथे लिहा, मी बघतो आहे.

आईने म्हशी विकल्या नाहीत. एक व्यायली आहे गेल्या महिन्यात.