शंभर नावांची यादी

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

परवा मंडळाच्या दिवाळी फराळाला तू ताट हातात घेऊन मला कोपऱ्यात गाठलंस आणि विचारलंस, "काकू, इन्शुरन्सचं लायसन्स काढू का?" तेवढ्यात अनारसे संपत आल्याची हाकाटी झाली आणि आपलं बोलणं तिथंच राहिलं. पण जाता जाता तू जे बोललीस ते डोक्यातून जाईना. देवळाबाहेर भेटलेल्या त्या गृहस्थांनी तुला म्हणे आधी शंभर ओळखीच्या माणसांची यादी करायला सांगितलंय, आणि "लायसन्सचं आम्ही बघतो" असंही म्हणाले. म्हणून हे पत्र. फोनवर मी बडबडते फार आणि महत्त्वाचं नेमकं विसरते.

लायसन्सचं ते बघत नाहीत. ते राज्य बघतं. ट्रेंटनला न्यू जर्सीचं बँकिंग आणि इन्शुरन्स खातं आहे, ते लायसन्स देतं आणि तुझ्या नावावर देतं. कंपनी तुला देते ती अपॉइंटमेंट, म्हणजे आमच्या पॉलिसी विक असं सांगणारी नेमणूक. उद्या त्या गृहस्थांशी तुझं फाटलं तर नेमणूक जाईल, लायसन्स जाणार नाही. माझ्या पहिल्या बॉसने मला हा फरक दोन वर्षं कळू दिला नव्हता. मी आपली समजत होते की त्याचं ऑफिस सोडलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या भीतीपोटी मी तिथं नको तेवढी राहिले.

भारतात विम्याचा नियामक एकच, हैदराबादला बसतो, आणि कराडच्या एजंटाला कोल्हापूरच्या माणसाला पॉलिसी विकायला वेगळं काही काढावं लागत नाही. इथं प्रत्येक राज्याचं खातं वेगळं. १८६९ साली इथल्या सुप्रीम कोर्टाने विमा हा आंतरराज्य व्यापारच नाही असं ठरवलं, १९४४ साली त्याच कोर्टाने तो निकाल फिरवला, आणि लगेच १९४५ मध्ये काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, मॅककॅरन-फर्ग्युसन कायदा करून विमा पुन्हा राज्यांच्याच हाती ठेवला. परीक्षेपुरतं एवढं पुरे. धंद्यात याचा अर्थ कसा कळतो ते सांगते. आपल्याच मंडळातलं एक जोडपं एडिसनहून डेलावेअर नदीपलीकडे बक्स काउंटीत घर घेऊन गेलं. त्यांच्या दोन्ही गाड्यांची पॉलिसी माझ्याकडे. पण गाडी पेनसिल्व्हेनियात राहायला लागली की पॉलिसी तिथली लागते, आणि ती विकायला एजंटालाही तिथलं लायसन्स लागतं. माझ्याकडे नव्हतं. हात जोडले आणि तिथल्या एजंटाकडे पाठवलं. पुढच्याच आठवड्यात मी नॉन-रेसिडेंट, म्हणजे बाहेरच्या राज्यातल्या एजंटासाठी असलेल्या, लायसन्सचा अर्ज केला. घरच्या राज्याचं लायसन्स चांगल्या स्थितीत असलं की दुसऱ्या राज्याची परीक्षा सहसा द्यावी लागत नाही, एनआयपीआर या सगळ्या राज्यांचे लायसन्सचे अर्ज घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर अर्ज आणि फी, बस्स. पण ते पुढचं. आधी घरचं.

आधी लाइन ठरव, म्हणजे कुठल्या प्रकारचा विमा विकायचं लायसन्स काढायचं ते. ते गृहस्थ तुला लाइफ काढायला सांगतील, कारण त्यात कमिशन मोठं आणि शंभर नावांतल्या प्रत्येकाला जीव असतोच. मी म्हणेन प्रॉपर्टी आणि कॅज्युअल्टी काढ, म्हणजे घर, गाडी आणि आपल्या हातून दुसऱ्याचं होणारं नुकसान. गाडीचा विमा लोकांना घ्यावाच लागतो, तू गळी उतरवायला लागत नाही, आणि पॉलिसी ओळीनं वाचायची सवय त्यातच लागते. न्यू जर्सीत एका लाइनला २० तासांचा कोर्स, दोन्हींना मिळून ४०. ऑनलाइन करता येतो. मग राज्यासाठी परीक्षा घेणाऱ्या पीएसआय कंपनीच्या सेंटरवर परीक्षा, पास व्हायला ७० टक्के, मग बोटांचे ठसे, मग अर्ज.

एक कटकट आपल्याच बायकांच्या वाट्याला येते, म्हणून मुद्दाम लिहिते. तुझ्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, ड्रायव्हिंग लायसन्सवर कदाचित नुसतं आद्याक्षर, आणि कोर्सला नाव नोंदवताना तू माहेरचं आडनाव टाकून मोकळी होशील. असं करू नकोस. कोर्सचं सर्टिफिकेट, परीक्षेची नोंदणी, ठसे आणि अर्ज, चारही ठिकाणी ओळखपत्रावरचं नाव अक्षरशः तसंच हवं. माझ्या ओळखीची एक मुलगी सेंटरच्या दारातून परत आली, आणि तिचा अभ्यास तुझ्या-माझ्याहून चांगला झाला होता.

अभ्यासाला जुनं पुस्तक कुणी फुकट दिलं तरी घेऊ नकोस. गाडीच्या किमान लायबिलिटीचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानभरपाईसाठी घ्यावाच लागतो त्या विम्याचे, आकडे माझ्या वेळी १५/३०/५ होते. २०२३ च्या जानेवारीत ते २५/५०/२५ झाले आणि २०२६ च्या जानेवारीपासून ३५/७०/२५. म्हणजे एका जखमी माणसामागे ३५ हजार डॉलर, एका अपघातात सगळ्या जखमींचे मिळून ७० हजार, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचे २५ हजार. राज्याच्या कायद्याचा भाग लोक शेवटच्या रात्रीवर ढकलतात आणि तिथंच आपटतात. आणि प्रश्नात 'एक्सेप्ट', म्हणजे 'सोडून', हा शब्द आला की पेन्सिल खाली ठेवून तो प्रश्न पुन्हा वाच.

अर्जात तुझ्या पूर्वेतिहासाचे प्रश्न येतील. कधी अटक, कधी खटला, कधी कुठल्या लायसन्सवर कारवाई. कॉलेजात असताना काही फालतू झालं असेल तरी लिही, कागद जोड. ठशांवरून त्यांना ते दिसणारच असतं, आणि जुन्या चुकीपेक्षा लपवाछपवी जास्त महागात पडते. आणि तू एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर आहेस, तेव्हा ईएडी, म्हणजे काम करायचं परवानगीपत्र, हातात असल्याशिवाय एक डॉलरही कमिशन घेऊ नकोस. "तुझ्या नावावर नको, नवऱ्याच्या नावावर दाखवू" असं कुणी सुचवलं तर चहा न घेता उठून ये.

आता खरं सांगायचं ते.

२०१२ चा ऑक्टोबर. मला लायसन्स मिळून दोनच वर्षं झाली होती. सेअरव्हिलचं एक मराठी कुटुंब, घराची पॉलिसी माझ्याकडून घेतलेली. विकताना मी विचारलं होतं, फ्लडची वेगळी पॉलिसी घ्यायची का? "इथं कुठला पूर हो काकू," म्हणाले. मीही हसले, आणि हे बोलणं कुठंच लिहून ठेवलं नाही. सँडी वादळ किनाऱ्याला धडकलं सोमवारी, २९ तारखेला. त्याच्या आदल्या शनिवारी त्यांचा फोन आला, आत्ता फ्लड घेता येईल का? टीव्हीवर वादळाचं चित्र दिसायला लागल्यावर असे फोन मला त्या दिवशी कितीतरी आले. सरकारी फ्लड पॉलिसी घेतली तरी ती लागू व्हायला साधारणपणे ३० दिवस जावे लागतात. मी तेच सांगितलं.

रस्ते मोकळे झाल्यावर गेले भेटायला. बेसमेंटच्या जिन्यावर पाण्याची रेघ उमटलेली, खालून सातव्या पायरीला. खाली मुलाचा ड्रमसेट होता, सासूबाईंचं देवघर होतं, लग्नाचे अल्बम होते. अल्बमची पानं सुटी करून वहिनींनी गॅरेजमध्ये दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी लावली होती, सप्तपदी, कन्यादान, पंगत, सगळं ओळीनं, कडांना चिखल. होमओनर्स, म्हणजे घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचं पाणी वगळलेलं असतं, हे वाक्य मी परीक्षेत बरोबर सोडवलं होतं. त्या गॅरेजमध्ये मला ते पहिल्यांदा कळलं. त्यांनी मला एक शब्द बोल लावला नाही, चहा दिला. बोल लावला असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मी फ्लड नको म्हणणाऱ्याकडून 'नको' लिहून घेते, सही आणि तारखेसकट. लोक रागावतात. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं विचारतात. सही घेताना निम्मे लोक एकदम विचारतात, "थांबा, म्हणजे नक्की काय नाही मिळणार?" आणि मग खरं बोलणं सुरू होतं. आणि हेही सांगायचं, की सरकारी फ्लड पॉलिसी घेतली तरी घराच्या बांधकामाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि बेसमेंटमधला सोफा, कार्पेट, सजवलेल्या भिंती त्यात येत नाहीत. बॉयलर येतो, देवघर नाही. स्वतःसाठी कामातल्या चुकांचा विमा काढ, आमच्यात त्याला ई अँड ओ म्हणतात. पहिली पॉलिसी विकायच्या आधी काढ.

आपले लोक तुझ्याकडे दोन गोष्टी हटकून मागतील. पहिली, "पहिला हप्ता तू भर ना." आमच्या लहानपणी कराडला एक विमा एजंट पहिला हप्ता राजरोस आपल्या कमिशनमधून भरायचे आणि गावात त्यांचं कौतुक व्हायचं. तिकडेही १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ त्याला मनाई करतं, पण कोण बघतो. इथं त्याला रिबेटिंग म्हणतात आणि लायसन्स जाऊ शकतं. सरळ सांग, "काका, माझं लायसन्स जाईल." त्यावर घासाघीस होत नाही, मी करून बघितलंय.

दुसरी, आईबाबा येणार म्हणून व्हिजिटर इन्शुरन्स. त्याला हेल्थची लाइन लागते, म्हणजे तुझ्याकडे ती येईपर्यंत तोंड मिटून घे, फुकटचा सल्लाही देऊ नकोस. लाइन आल्यावर मात्र त्यातला 'अ‍ॅक्यूट ऑनसेट', म्हणजे जुनं दुखणं अचानक उफाळणं, हा शब्द फोड करून सांग. बाबांना आधीपासून डायबेटिस असेल तर त्याची रोजची औषधं आणि तपासण्या त्यात येत नाहीत. अचानक, आधी काही लक्षण नसताना काही झालं तर, तेही वयाच्या आणि रकमेच्या मर्यादेत, कदाचित मिळेल. "सगळं कव्हर आहे" हे वाक्य या धंद्यात तुझ्या तोंडून कधीच बाहेर पडता कामा नये. रात्री दोन वाजता इमर्जन्सीतून फोन येतो तेव्हा लोकांना तुझं तेवढंच वाक्य आठवतं.

त्या गृहस्थांच्या योजनेबद्दल मी फार वाईट बोलणार नाही, तिथून शिकून निघालेली चांगली माणसं मला माहीत आहेत. पण एवढं बघ, पहिली पॉलिसी तुला स्वतःलाच घ्यायला सांगतात का, आणि कमिशन आगाऊ देतात का. आगाऊ मिळालेलं कमिशन पॉलिसी बंद पडली की परत द्यावं लागतं, आणि तोवर त्याचं फर्निचर झालेलं असतं.

लायसन्स मिळालं की दर दोन वर्षांनी २४ तासांचं शिक्षण, त्यातले ३ तास नीतिमत्तेचे. घर बदललंस तर ३० दिवसांत खात्याला कळवायचं. ते मी पहिल्यांदा विसरले होते.

कोर्स सुरू केलास की शनिवारी दुपारी ये. माझ्या घराची आणि गाडीची पॉलिसी टेबलावर काढून ठेवते, दोन्ही मिळून शंभरेक पानं असतील, आपण पहिल्या पानापासून वाचू. खिचडी-कढी करीन.

आणि हो, ती यादी केली असशील तर त्यात माझा नंबर कितवा आहे तेवढं कळव. पहिल्या दहात नसेन तर रागावेन.

तुझी,
काकू