पर्शियन पिल्लू सहाव्या दिवशी गेलं, विकणारा म्हणतो तुमच्या उन्हाने मेलं

भुसावळच्या एका ताईंचा प्रश्न आहे. इन्स्टावर बघून सुरतच्या ब्रीडरकडून १४,००० ला पर्शियन मांजराचं पिल्लू घेतलं, पैसे आधीच यूपीआयने, पिल्लू रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पिंजऱ्यात आलं. तिसऱ्या दिवशी उलट्या-जुलाब सुरू, डॉक्टरांनी किट टेस्ट केली तर पॅनल्यूकोपेनिया (मांजरांचा जीवघेणा व्हायरसचा आजार), सहाव्या दिवशी संपलं. औषधपाण्याचे ६,५०० वेगळे. बिल नाही. विकणारा म्हणतो जिवंत मालाची गॅरंटी नसते, हवं तर दुसरं पिल्लू अर्ध्या किमतीत देतो.

ताई, आपल्याकडच्या मे महिन्यात माणसाचं डोकं फिरतं हे खरं, पण उन्हाने टेस्ट पॉझिटिव्ह येत नाही, तेव्हा ते सोडा.

तुमचा हुकमाचा पत्ता तुमच्याच चॅटमध्ये पडलाय. पिल्लू पाठवताना त्याने स्वतः टाइप केलंय की ते ४५ दिवसांचं आहे. २०१८ च्या पेट शॉप नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं, म्हणजे ५६ दिवस न भरलेलं मांजराचं पिल्लू विकताच येत नाही, आणि त्या नियमांत दुकान म्हणजे नुसतं शटरवालं दुकान नाही, आठवडे बाजारातली जागा आणि ऑनलाइन विक्री पण त्यात धरलीय. तो म्हणणार मी दुकानदार नाही, घरी ब्रीडिंग करतो. २०१७ चे ब्रीडिंगचे नियम फक्त कुत्र्यांचे आहेत, मांजरांचं त्यात काही नाही, आणि याच फटीतून ही मंडळी निसटतात. म्हणून त्याच्या पेजवर रेट लावून टाकलेल्या सगळ्या पिल्लांचे स्क्रीनशॉट आजच काढा, धंदा करतो हे त्यातून दिसेल, नोटीस पोचली की पेज गायब होतं असा माझा अनुभव आहे.

कच्चा दुवा पण सांगतो. हा आजार अंगात मुरायला साधारण २ ते १० दिवस लागतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी लक्षणं म्हणजे बहुतेक तिकडूनच आलेला, पण तो ट्रॅव्हल्सवर नाहीतर तुमच्या घरावर ढकलणार. पोस्टमार्टम न करता पुरलंत, आता त्याला इलाज नाही, पण डॉक्टरांकडून तारखांसकट लेखी घ्या, टेस्टचा रिपोर्ट जोडा.

२०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत येतात. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका, मग रजिस्टर एडीने १५ दिवसांची नोटीस, तरी ऐकलं नाही तर जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता तिथे केस टाकता येते, सुरतेला हेलपाटे नकोत. मुदत दोन वर्षं, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही (हे मी वकील असून सांगतोय!). चॅटच्या प्रिंटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं सर्टिफिकेट (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागतं ते) जोडा.

दुसरं पिल्लू मात्र अजिबात घेऊ नका. घेतलंत तर प्रकरण मिटलं असं तो म्हणेल, आणि हा व्हायरस घरात कित्येक महिने टिकतो, तेही लेकरू जाईल. २०,५०० रोख मागा. आणि "आधी चॅट डिलीट करा, मग पैसे टाकतो" म्हणाला तर तो मेसेज पण सेव्ह करून ठेवा.