मुंबई ते नागपूर अंतर किती आणि विमानाला किती वेळ लागतो?

हवाई अंतर सुमारे ६८० किलोमीटर. तिकिटावर साधारण दीड तास लिहिलेला असतो, पण विमान प्रत्यक्ष हवेत जेमतेम सव्वा तासच असतं. बाकीचा वेळ मुंबईच्या धावपट्टीवर जातो. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. संध्याकाळी तर खिडकीतून पुढच्या विमानांची रांगच दिसते.

रेल्वेने हेच अंतर ८३७ किलोमीटर, म्हणजे अख्खी रात्र. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, पण तो भिवंडीजवळ आमण्यापासून सुरू होतो, हे लक्षात ठेवा. आईवडील वयस्कर असतील तर मी विमानच सांगेन. नागपूरचं विमानतळ वर्धा रोडवर आहे, तिथून शहराच्या मध्यावरचं सीताबर्डी जवळच.