विद्यार्थी विभागाची खुर्ची सांभाळताना

प्रश्न : मुंबईतील एका कला-वाणिज्य महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. यंदा जूनपासून प्राचार्यांनी विद्यार्थी विकास विभागाचे प्रमुखपद माझ्याकडे सोपवले आहे. सांस्कृतिक मंडळ, विद्यार्थी परिषद, तक्रारी, शिष्यवृत्त्या, समुपदेशन असे सगळे या एका पदाखाली येते आणि तासिकांचा भार मात्र पूर्वीइतकाच आहे. विद्यार्थी मला ‘प्राचार्यांची माणूस’ समजतात, तर सहकाऱ्यांचे म्हणणे असे की मी मुलांना डोक्यावर चढवून ठेवले आहे. ऑगस्टमध्ये महोत्सव असल्याने सध्या दुसरा विषयच कोणाच्या तोंडी नाही. मी सुरुवात कुठून करावी?
— एक वाचक, दादर

उत्तर : महोत्सवाची काळजी वाहायला आपल्याला माणसे पुष्कळ मिळतील, तक्रारीचा कागद हातात घेऊन दाराशी घुटमळणाऱ्या मुलाची काळजी वाहायला सहसा कोणी मिळत नाही. म्हणून सुरुवात तिथून करावी. आपल्याकडे या पदाचे मोजमाप गॅदरिंग किती रंगले यावरून होते, आणि ते मला कधीच पटलेले नाही.

पहिल्याच आठवड्यात, कोणती तक्रार कोणाकडे जाईल आणि तिचा निर्णय किती दिवसांत व्हायला हवा, हे एका पानावर लिहून प्राचार्यांची सही घ्यावी. प्रवेश, शुल्क, निकालातील विलंब, अडवून ठेवलेली मूळ कागदपत्रे अशा तक्रारी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातात. समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तिचा निर्णय मान्य नसल्यास विद्यार्थ्याला १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. लैंगिक छळाची तक्रार मात्र अंतर्गत तक्रार समितीनेच हाताळायची असते. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत या समितीची स्वायत्तता राहावी म्हणून वरिष्ठ प्रशासकीय पदांवरील व्यक्तींना सदस्यत्वापासून दूर ठेवले आहे, त्यामुळे आपणही त्या समितीवर नसावे, असे माझे मत आहे. एखादी मुलगी अशी तक्रार घेऊन आपल्याकडे आली, तर तिला सगळी हकिगत पुन्हापुन्हा सांगायला लावू नये, अर्ज लिहायला मदत करावी आणि त्याच दिवशी तो समितीच्या अध्यक्षांच्या हाती द्यावा. दोघांना समोरासमोर बसवून, चहा पाजून प्रकरण मिटवून टाकण्याची जी जुनी रीत आहे, तिने आजवर तक्रार करणाऱ्याचेच नुकसान केले आहे.

प्रत्येक लेखी अर्जावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का पडलाच पाहिजे, आणि त्याची पोच विद्यार्थ्याच्या हाती गेली पाहिजे. हे कारकुनी काम वाटेल. परंतु ‘तुझा अर्ज आमच्याकडे आलाच नाही’ असे कार्यालयाने एकदा सांगितले की ते मूल पुन्हा कोणाच्याही दाराशी जात नाही, आणि आपले आठ मित्रही जाणार नाहीत याची व्यवस्था करते.

‘मी कोणालाही सांगणार नाही’ हे वाक्य या खुर्चीत बसून कधीही उच्चारू नये. तसा शब्द दिला की मूल मोकळे होते हे खरे, परंतु त्याने पुढच्या क्षणी जीव देण्याचा विचार बोलून दाखवला तर आपल्याला तो शब्द मोडावाच लागतो. त्याऐवजी ‘ज्यांना कळणे आवश्यक आहे त्यांनाच सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन’ असे म्हणावे. अशा वेळी त्याला एकटे सोडू नये आणि समुपदेशकाकडे स्वतः घेऊन जावे. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला आहे. आपल्याकडे मानसशास्त्राचे प्राध्यापकच तासिकांच्या मधल्या वेळेत हे काम करत असतील, तर नियुक्तीची मागणी लेखी करावी. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ओळखपत्राच्या मागे छापून घेता येईल. त्याला फारसा खर्च येत नाही.

आता एक सूचना, जी आपल्याला कदाचित पदाला न शोभणारी वाटेल. सत्राच्या सुरुवातीला काही दिवस रेल्वे कन्सेशनच्या खिडकीपाशी जाऊन उभे राहावे. पासाची सवलत हवी असलेले प्रत्येक मूल तिथे येते आणि त्याच्या अर्जावर घराजवळचे स्टेशन लिहिलेले असते : विरार, टिटवाळा, बदलापूर, पनवेल. कोण मासिक पास मागतो आणि कोण त्रैमासिक, यावरून घरच्या पैशाचा अंदाज येतो. खिडकी दुपारी एकला बंद होत असेल, तर सकाळच्या सत्रातली मुले व्याख्यान बुडवून रांगेत उभी असलेली दिसतील, आणि हीच मुले पुढे गैरहजेरीच्या यादीत सापडतात. परिषदेची बैठक संध्याकाळी साडेपाचला ठेवली की कर्जत-कसाऱ्याकडची मुले आपोआप गळतात आणि परिषद जवळपास राहणाऱ्यांची होऊन बसते, हेही त्या खिडकीपाशीच कळते. बैठक दुपारच्या सुट्टीत घ्यावी.

सहकाऱ्यांच्या नाराजीचे मूळ बहुतेक वेळा हजेरीत असते. ७५ टक्के उपस्थितीचा नियम त्यांनी पाळायचा आणि कार्यक्रमांच्या नावाखाली चाळीस जणांना सूट देणारे पत्र आपण नंतर पाठवायचे, हे त्यांना खटकणारच. सवलतीची नावे कार्यक्रमाच्या आधी, विभागप्रमुखांच्या सहीने आणि मोजक्या संख्येत जावीत. नंतर आलेले एकही नाव स्वीकारू नये, मग ते नाव आपल्या लाडक्या निवेदकाचे का असेना.

‘प्राचार्यांची माणूस’ हा शिक्का पुसण्याच्या खटपटीत पडू नये. कोणते निर्णय आपल्या अधिकारात आहेत (सभागृहाचे वाटप, किती रुपयांपर्यंतचा खर्च, कार्यक्रम मध्येच थांबवणे) हे लेखी आदेशाने स्पष्ट करून घ्यावे, आणि जो निर्णय आपला नाही तो कोणाचा आहे आणि उत्तर कोणत्या तारखेला मिळेल, हे मुलांना सांगून ती तारीख पाळावी. नकार लवकर आणि कारणासह मिळाला तर मुले तो ऐकतात. ‘बघू’ या उत्तराने मात्र ती खवळतात, आणि ते रास्तच आहे. तासिकांचा भार कमी करण्याची मागणीही हा आदेश मागणाऱ्या पत्रातच घालावी.

प्रश्न : मी तृतीय वर्षाचा विद्यार्थी असून महाविद्यालयाच्या महोत्सव समितीत आहे. प्रायोजकांकडून पैसे आम्ही आणतो, पण महाविद्यालय ते स्वतःच्या खात्यात जमा करायला सांगते आणि मग प्रत्येक बिलासाठी आम्हाला चकरा माराव्या लागतात. शिवाय परिषदेवरची मुले गुणांवरून निवडली गेली आहेत, आम्ही निवडून दिलेली नाहीत. हे योग्य आहे का?
— एक विद्यार्थी, विलेपार्ले

उत्तर : पैशांबाबत महाविद्यालयाचे बरोबर आहे. प्रायोजक आपल्याला नव्हे, महाविद्यालयाच्या नावाला पैसे देतो, आणि एखाद्या मुलाच्या व्यक्तिगत खात्याचा क्यूआर कोड प्रवेशिकांच्या टेबलावर चिकटवला की हिशेबाचे आणि त्या मुलाचे, दोघांचेही वाटोळे होण्याची शक्यता असते. चकरा मात्र टाळता येतात. अंदाजपत्रक आधी मंजूर करून घ्यावे, छोट्या खर्चांसाठी आगाऊ उचल मागावी आणि महोत्सव संपल्यावर हिशेब सूचनाफलकावर लावण्याची अट आपणच घालून घ्यावी. प्रायोजकाशी होणाऱ्या करारावर विद्यार्थ्याने सही करू नये.

पैशांहून गर्दीची चिंता अधिक करावी, असे मी आपल्याला सांगेन. २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोची विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातील महोत्सवात सभागृहाच्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी होऊन चौघांचा मृत्यू झाला. मुंबईतल्या महाविद्यालयांची सभागृहे जुनी, जिने अरुंद आणि ऑगस्टचा पाऊस बेभरवशाचा. बाहेर थांबलेल्या मुलांना सर आली की आडोसा हवा असतो आणि सगळे एकाच दाराकडे धावतात. सभागृहाच्या क्षमतेपेक्षा एकही प्रवेशिका जास्त वाटू नये, बाहेरच्या रांगेवर छप्पर असावे आणि सगळी दारे आतून उघडी असावीत. कुलपाची किल्ली शिपायाच्या खिशात आणि शिपाई चहाला, ही अवस्था मी पुष्कळ पाहिली आहे.

निवडीबद्दल आपला आक्षेप मात्र रास्त आहे. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर आधारित नेमणुकीची पद्धत आणली होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने निवडणुकीची तरतूद केली, पण ती अजून रुळलेली नाही. निवडणुकीची मागणी करताना विद्यार्थी निवडणुकांवरील लिंगडोह समितीचा २००६ चा अहवाल आधी वाचावा. उमेदवाराच्या खर्चाला ५,००० रुपयांची मर्यादा, छापील भित्तिपत्रकांना बंदी आणि किमान ७५ टक्के उपस्थिती या तिच्या शिफारशी आहेत. यातली शेवटची अट आपल्या समितीतले किती जण पूर्ण करतात, हे आधी पाहून घ्यावे.

प्रश्न : माझा मुलगा मुंबईत वसतिगृहात राहतो. वरच्या वर्गातली मुले रात्री उठवून गाणी म्हणायला, नक्कल करायला लावतात. तो म्हणतो, ही मस्करी आहे, तक्रार केली तर नाव फुटेल. काय करावे?
— एक पालक, सातारा

उत्तर : लाज वाटेल अशी कृती करायला लावणे हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार रॅगिंगच आहे, मस्करी नव्हे. महाराष्ट्रात यासाठी १९९९ चा स्वतंत्र कायदा आहे. लेखी तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते, प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास आरोपी विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते, आणि याकडे दुर्लक्ष केल्यास गुन्ह्याला साहाय्य केल्याचा ठपका संस्थाप्रमुखावरच येतो. नाव उघड होण्याची भीती असेल, तर १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगता तक्रार नोंदवता येते. तिथे वसतिगृहाचे नाव, मजला, तारखा आणि वेळा नेमक्या सांगाव्यात. अर्ज केलात तर तो वॉर्डनच्या हाती न देता प्राचार्यांच्या नावे स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी.