रेडिओवरचं ‘ट्रॅफिक’ आणि आपली ‘वर्दी’

प्रश्न असा आलाय की विमानाच्या रेडिओवर कंट्रोलर, म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणारा माणूस, ‘ट्रॅफिक, टू ओक्लॉक, फाइव्ह माइल्स’ म्हणतो, त्याचं एका भाषांतरात ‘वाहतूक, दोन वाजता, पाच मैल’ असं केलंय, ते बरोबर काय?

नाही बघा. गणपतीच्या दिवसांत बेळगावच्या खडेबाजारात शिरलं की आपण ‘ट्रॅफिक लागलंय’ म्हणतो ते म्हणजे गाड्यांची सगळी गर्दी, पण रेडिओवरचं ट्रॅफिक म्हणजे तुमच्या वाटेजवळ आलेलं एखादं दुसरं विमान. आणि दोन वाजता ही वेळ नव्हेच. आपलं विमान घड्याळाच्या मध्यावर ठेवलंय समजा, नाक बाराकडं, तीन म्हणजे सरळ उजवा हात, मग दोन म्हणजे उजवीकडंच पण जरा पुढं. आपल्या बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या धावपट्टीवर पश्चिमेकडं तोंड करून विमान असेल तर दोनचा रोख साधारण वायव्येला, काकती गावाच्या बाजूला जातो. मैल पण सागरी, म्हणजे पाच मैल सव्वानऊ किलोमीटर. म्हणून मी लिहीन, ‘उजवीकडं दोनच्या रोखानं, पाच सागरी मैलांवर एक विमान आहे’. पायलटला ते दिसलं तर तो ‘ट्रॅफिक इन साइट’ म्हणतो.

दुसऱ्या विमानाची अशी माहिती देण्याला ‘ट्रॅफिक इन्फर्मेशन’ म्हणतात, त्याला मात्र मला ‘वर्दी’ हा शब्द फार आवडतो. पोलिसांत वर्दी दिली म्हणतो तसं, म्हणजे कळवलं. हिंदीमुळं पोरांना वर्दी म्हटलं की गणवेशच आठवतो, पण आपल्या भागात कन्नड कानावर असणाऱ्याला समजावून सांगायला लागत नाही, तिकडं वरदि म्हणजे बातमी, अहवाल, आणि वरदिगार म्हणजे बातमीदार. शिवाय वर्दी हा हुकूम नव्हे आणि इथं नेमका तोच फरक महत्त्वाचा, ‘वळा’, ‘खाली या’ ही सूचना झाली, पण ‘तिथं विमान आहे’ ही नुसती खबर, ती ऐकून पायलटनं बाहेर बघायचं असतं.

आता अशी वर्दी स्क्रीनवर पण येते. अमेरिकेत टीआयएस-बी म्हणून सोय आहे, जी विमानं आपली जागा स्वतः प्रक्षेपित करत नाहीत पण ज्यांचा ट्रान्सपाँडर (रडारनं विचारलं की उत्तर देणारं विमानातलं यंत्र) जमिनीवरच्या रडारला सापडतो त्यांची जागा जमिनीवरूनच वर पाठवतात, तीही तुमच्या भोवतीच्या 15 सागरी मैलांतली, वर-खाली 3500 फुटांपर्यंतची. तिथंही ती वर्दीच, स्क्रीनवरच्या खुणेवर विसंबून विमान वळवायचं नसतं.