हफमन प्रेअरी: गुरांच्या कुरणातलं विमानांचं मैदान

किटी हॉक या समुद्रकाठच्या गावी पहिलं विमान उडवल्यानंतर राइट बंधू, म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल, कुठे उडत होते, आणि ती जागा आज शिल्लक आहे का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते विमानाच्या इतिहासात किटी हॉकपेक्षाही या दुसऱ्या जागेचं, हफमन प्रेअरीचं, ऋण मोठं आहे. १७ डिसेंबर १९०३ चं सर्वांत लांब उड्डाण ५९ सेकंदांचं, तेही सरळ रेषेत. इंजिनाचं विमान वळवणं अजून कुणालाच जमलेलं नव्हतं.

ते जमलं अमेरिकेच्या ओहायो राज्यात, डेटन शहरापासून आठेक मैलांवरच्या ८४ एकरांच्या कुरणात. कुरण टॉरन्स हफमन या बँकवाल्याचं. त्याने भाडं घेतलं नाही. उड्डाणाआधी गाई-घोडे कुंपणाबाहेर हाकायचे, एवढीच अट. जागा तशी गैरसोयीचीच. जुनी दलदल, सगळीकडे गवताचे उंचवटे, कडेला झाडं. किटी हॉकसारखा वारा नाही आणि उन्हाळ्यात हवा विरळ. विमान ज्या लाकडी रुळावरून सुटायचं तो अंथरून ठेवावा, तर ऐन वेळी वारा फिरे आणि रूळ उचलून पुन्हा मांडावा लागे. शेवटी ७ सप्टेंबर १९०४ पासून त्यांनी लाकडी मनोरा वापरला. वर दोराने टांगलेलं अर्ध्या टनाहून जड वजन सोडलं, की तोच दोर विमानाला रुळावरून पुढे खेचायचा.

२० सप्टेंबरला विल्बरने पहिला पूर्ण फेरा मारला. तो पाहायला एमॉस रूट हजर होता. हा गृहस्थ मधमाशीपालनाचं मासिक काढायचा, आणि जानेवारी १९०५ मध्ये त्याने हे वर्णन त्याच मासिकात छापलं. त्याआधी, मे १९०४ मध्ये, मुद्दाम बोलावलेल्या पत्रकारांना मात्र उड्डाण पाहायला मिळालं नव्हतं, आणि मग त्यांना त्यात रस राहिला नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो २८ सप्टेंबर १९०५ चा दिवस. तोवर अरुंद वळण घेताना विमान कधीकधी कललेलंच राहायचं आणि खालच्या पंखाच्या बाजूला घसरत जायचं; काही केल्या सरळ होईना. त्या दिवशी ऑर्व्हिल कुरणातल्या एका झाडाला वळसा घालत होता. झाड आपल्या बाभळीसारखं, लांब काट्यांचं. विमान त्या झाडाकडेच घसरू लागलं. आता खाली उतरलेलं बरं, म्हणून त्याने नाक खाली केलं, आणि विमान ताब्यात आलं! वळताना पंखांवर जास्त भार येतो आणि तेवढ्या भाराला वेग अपुरा पडतो. नाक झुकवलं की वेग परत मिळतो. शिकाऊ वैमानिक आजही हा धडा गिरवतात. आठवड्याभरात, ५ ऑक्टोबरला, विल्बर ३९ मिनिटं हवेत होता आणि २४ मैल उडाला. पेट्रोल संपलं तेव्हाच उतरला.

१९१० पासून इथे त्यांची वैमानिक शाळा चालली. विजेच्या ट्रामचा सिम्स स्टेशन हा थांबा कुरणाला लागूनच होता, त्यामुळे बघ्यांची गर्दी व्हायची. २५ मे १९१० ला दोघे भाऊ एकदाच एकत्र उडाले, आणि त्याच दिवशी ऑर्व्हिलने ८१ वर्षांच्या वडिलांनाही वर नेलं. एकूण ११९ जण इथे शिकले. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलाचा प्रमुख झालेला हॅप अर्नोल्ड त्यांतलाच, आणि १९१४ मध्ये शिकलेली, सुरुवातीच्या महिला वैमानिकांपैकी एक मार्जरी स्टिन्सनही.

१९१६ मध्ये शाळा बंद पडली. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर, १९१७ मध्ये लष्कराने हे कुरण आणि आजूबाजूची बरीच जमीन भाड्याने घेतली. आज ते सगळं राइट-पॅटरसन हवाई तळात येतं. पण या कुरणावर कधी काँक्रीट पडलं नाही. १९९२ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा भाग आहे. विमान ठेवायच्या १९०५ च्या शेडची आणि त्या मनोऱ्याची प्रतिकृती तिथे उभी आहे, आणि शेजारी मूळ प्रेअरीचं, म्हणजे नैसर्गिक गवताळ मैदानाचं, उंच गवत राखलंय. डेटनला गेलात तर मनोऱ्यापाशी उभे राहा आणि विल्बरचा तो फेरा नजरेनं आखून बघा. सगळं मैदान तिथून एका दृष्टिक्षेपात येतं.