झाडं नंतर लाव, आधी साइट हलकी कर

ऑनलाइन दुकान पर्यावरणाला जपून चालवायचंय ना? मग ‘प्रत्येक ऑर्डरमागे एक झाड’ ही पाटी पहिल्याच दिवशी लावू नकोस. रोप जगलं का, हे कोण बघणार? आधी वेबसाइटचं वजन बघ; पानं जड असली की वीज जास्त लागते. फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात आण, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ काढ. होस्टिंग, म्हणजे साइट ज्या सर्व्हरवर राहते ते, हरित विजेवर आहे का, ते ग्रीन वेब फाउंडेशनच्या साइटवर फुकट तपासता येतं.

दान द्यायचंच तर विक्रीवर ठरव. ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ ही संस्था २००२ पासून हेच सांगते: विक्रीचा १ टक्का. नफा काय, कागदावर कधीही शून्य होतो!

टीम घरूनच काम करते ना? मग जाण्यायेण्याचं इंधन वाचलंच. फक्त हौसेने नवे लॅपटॉप वाटू नकोस. त्यांचं बहुतेक कार्बन उत्सर्जन बनतानाच झालेलं असतं. जुन्याचीच बॅटरी बदल, रॅम वाढव, वापर.